साली, गूळ आणि शहाबादी फरशी

प्रश्न : ताई, घरची साफसफाई करायचं पाणी बनवायला मोसंबी-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी बाटलीत भरून ठेवलंय. महिना होत आला. वर पांढरा थर धरलाय, आंबूस वास येतोय. सासूबाई म्हणतात नासलं, ओतून टाक. खरंच नासलंय का? आणि तयार झाल्यावर शहाबादी फरशी, देवघरातला संगमरवर, मटणाची भांडी, सगळ्याला चालेल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात ओतू नका. बाटली उजेडात धरून थर नीट बघा. सपाट, सायीसारखा सुरकुतलेला, पांढरा असेल तर तो यीस्टचा आहे, त्याची काळजी नको. हिरवी-काळी, लव आलेली बुरशी दिसली आणि कुजका वास आला, तर मात्र सासूबाईंचं ऐका. आंबूस वास हवाच.

प्रमाण पुन्हा एकदा तपासा : 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, एक लिटर पाणी, आणि मुदत तीन महिने. गूळ काळपट, पाघळलेला असला तरी उत्तम. पिवळाधमक महागडा यात घालू नका, तो पोळीबरोबर खा. बाटली प्लास्टिकची घ्या आणि वरचा भाग रिकामा सोडा. पहिल्या महिन्यात यीस्ट गुळातली साखर खाऊन गॅस सोडतं, म्हणून झाकण रोज सैल करून परत लावायचं. काचेची बरणी घट्ट बंद ठेवली तर फुटू शकते. यीस्टनं केलेल्या अल्कोहोलचं पुढे जिवाणू आम्ल करतात. घाईनं आताच गाळलंत तर गोडी शिल्लक राहील, फरशी चिकचिकेल आणि मुंग्या लागतील.

म्हणजे तुमच्या बाटलीत मुख्यतः सौम्य आम्ल तयार होतंय. तेवढं लक्षात ठेवलंत की बाकीची उत्तरं आपोआप मिळतात. संगमरवर, शहाबादी आणि कडप्पा हे तिन्ही चुन्याचे दगड. आम्लानं त्यांची चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही. जुन्या घरांतली मोझॅक फरशीही त्यातच धरा, तिच्यात संगमरवराचे तुकडे असतात. तिथे साधं पाणी आणि थोडं रिठ्याचं पाणी पुरे. सिरॅमिक टाइल्सना बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घाला. बोअरच्या पाण्यानं नळावर आणि बाथरूमच्या टाइल्सवर चढलेल्या पांढऱ्या पापुद्र्यावर न मिसळता लावा, दहा मिनिटांनी घासून धुवा. तिथे याचा खरा गुण दिसतो.

तांब्या-पितळेला तीन महिने थांबायचंही कारण नाही. पिळलेल्या लिंबाची फोड मिठात बुडवून घासा किंवा चिंचेचा कोळ लावा, आणि लगेच धुऊन कोरडं पुसा.

तांबड्या रश्श्याच्या पातेल्याला मात्र हे पाणी पुरणार नाही. कटाचं तेल आम्लाला दाद देत नाही, त्याला क्षार लागतो. गावाकडे चूल पेटत असेल तर लाकडाची चाळलेली राख आणा; ती तेल सोडवते. राख नसेल तर रिठे रात्री भिजवून सकाळी उकळा, कुस्करा, गाळा. फेस येतो आणि हातही रखरखत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमला राख लावू नका.

दोन गोष्टी कळकळीनं सांगते. हे पाणी ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीच असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि घरात कुणी उलटी-जुलाबानं आजारी असेल तर संडास-बाथरूमला बाजारचं जंतुनाशकच वापरा. सालीच्या पाण्याच्या भरवशावर राहू नका.

हे पाणी गटारीत ओतलं की पंचगंगा स्वच्छ होते, असंही लोक सांगतात. तसं होत नाही. त्यातही सेंद्रिय पदार्थच असतात आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. लागेल तेवढंच वापरा. गाळून उरलेला चोथा मूठभर पुढच्या बाटलीत विरजण म्हणून टाका, बाकीचा धुऊन कंपोस्टच्या कुंडीत घाला.