केना सहा पानांवर गेला. आता डोस वाढवू नका

प्रश्न : सोयाबीन 32 दिवसांचे आहे. 25व्या दिवशी इमॅझेथापायर हे तणनाशक मारले. बारीक गवत पिवळे पडले, पण केना (पसरत जाणारे तण) तसाच आहे. दुकानदार म्हणतो, डबल डोसने पुन्हा मारा. मारू का? आणि फवारणी पंपाच्या अनुदानासाठी अर्ज करू का?

उत्तर : नाही. डबल नाही, दीडपट नाही, त्याच औषधाचा दुसरा हातही नाही.

हे औषध तण जाळत नाही, शेंड्याची वाढ थांबवते. मरायला दोन-तीन आठवडे जातात. सातव्या दिवशी 'औषध लागलं नाही' म्हणणाऱ्या दुकानदाराला एकतर हे माहीत नाही, नाहीतर दुसरी बाटली खपवायची आहे.

गडबड डोसात नाही, वेळेत झाली. शिफारस एकरी 400 मिली, 200 लिटर पाण्यातून, तण 2 ते 4 पानांवर असताना. 25व्या दिवशी केना फांद्या फुटून पसरलेला असणार. तेव्हा शेंडा मेला तरी बगलेतले डोळे फुटतात, जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळे सुटतात. शिवाय वर सोयाबीनची पाने पसरलेली, औषध खाली पोचते किती? डबल डोसने केना मरणार नाही. सोयाबीन मात्र पिवळे पडून खुंटेल, आणि जमिनीत राहिलेला अंश मोहरीसारख्या पुढच्या पिकाला नडेल.

म्हणून पेरणीचे दिवस नव्हे, तणाची पाने मोजा. ताण पडून तण सुकलेले असेल तर 3 पानांवरही फवारू नका. सुकलेले पान औषध नीट घेत नाही. ओल येऊ द्या. हराळी, लव्हाळ्याचा हिशोब उलटा आहे. तिथे पडीक रानात, भरपूर हिरवे पान असतानाच आंतरप्रवाही (पानातून झाडभर पसरणारे) औषध खाली गाठीपर्यंत उतरते.

आता तुमच्या शेतात खुरपणीच करा. उपटलेला केना सरीत टाकू नका, ओलीत तुकडे पुन्हा रुजतात, शेताबाहेर काढा.

पुढच्या हंगामात पेरणीनंतर 48 तासांत, ओलीवर पेंडीमेथालीन (तण उगवण्याआधी मारायचे तणनाशक), आणि 20व्या दिवसाच्या आत कोळपणी. मी तर म्हणेन, वाफसा मिळाला की कोळपे आधी, पंप नंतर. कोळप्याला डोस चुकत नाही आणि दुकानदाराला विचारावे लागत नाही.

पंपाच्या अनुदानाचेही तुम्ही विचारले आहे. अर्ज करा, पण मंजुरीची वाट बघत फवारणी लांबवू नका. आणि पुन्हा सांगतो : डबल डोस नाही.