मालदीवची अंडी नेमकी कोण खातं?

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी अकरावीला आहे, तिला जिऑग्राफीच्या प्रोजेक्टला छोट्या बेटांच्या देशांत संत्री-लिंबू आणि प्रोटीनचा पुरवठा कसा बदलत गेला असा विषय मिळालाय. तिने मालदीव घेतला, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) साइटवरनं आकडे उतरवून ग्राफ काढला, आणि आता म्हणते की तिथली माणसं पूर्वीपेक्षा जास्त संत्री खातात. मला पटत नाहीये, वाळूच्या बेटावर संत्री आली कुठून?
– एक बाबा, सांगली

उत्तर : बाबा, शंका अगदी रास्त आहे, आणि मुलीचा ग्राफही चुकलेला नसेल, फक्त तो काय सांगतोय ते बघायला हवं. एफएओचा फूड बॅलन्स शीट म्हणून जो तक्ता असतो तो कुणाच्या ताटात डोकावून केलेला नसतो. देशात पिकलं किती, बाहेरून आलं किती, त्यातनं परत बाहेर गेलेलं, जनावरांना घातलेलं, बियाण्याला ठेवलेलं, वाटेत नासलेलं वजा करायचं आणि उरेल त्याला लोकसंख्येने भागायचं. म्हणजे पिशवी घरात आली एवढंच कळतं, त्यातलं पोटात किती गेलं आणि कचऱ्यात किती ते कळत नाही.

संत्र्याचं कोडं तर लगेच सुटेल. या तक्त्यात ज्यूसही परत फळाच्या वजनात मोजतात, म्हणजे रिसॉर्टच्या बुफेवरचा ऑरेंज ज्यूसचा खोका तिच्या ग्राफमध्ये संत्री होऊन बसलेला असू शकतो. मालदीवची जमीन म्हणजे पोवळ्याची वाळू, लिंबाची झाडं आहेत थोडीफार पण संत्र्याच्या बागा वगैरे नाहीत, सगळं बोटीने नाहीतर विमानाने येतं.

आता अंडी घ्या, हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं कारण ते आपल्याशी जोडलेलं आहे. भारत दरवर्षी मालदीवसाठी जीवनावश्यक वस्तूंचा कोटा ठरवतो, 1981च्या व्यापार करारापासून हे चालू आहे. 2024-25 साठी अंड्यांचा कोटा होता सुमारे 42 कोटी 75 लाख आणि कांदा 35,749 टन. (2023च्या डिसेंबरात आपल्याकडे कांद्याची निर्यात बंद होती, नाशिकचे शेतकरी हवालदिल झाले होते, त्या बंदीतही मालदीवला कोट्यातला कांदा द्यायची परवानगी मिळाली.) 2022च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साधारण 5 लाख 15 हजार, त्यातले 1 लाख 32 हजार परदेशी, म्हणजे बरेचसे कामगार. भागाकार करून बघा, माणशी वर्षाला 830 अंडी, रोजची दोनपेक्षा जास्त! कोटा ही वरची मर्यादा असते, सगळी अंडी जातातच असं नाही, पण तरी. 2024 मध्ये तिथे 20 लाखांवर टुरिस्ट गेले, एकेकजण आठवडाभर राहतो धरलं तर रोज 40 हजारांच्या आसपास तोंडं जास्तीची, आणि तीही बुफेवर बसणारी. एफएओने नव्या पद्धतीत टुरिस्टांचं खाणं वेगळं काढायला सुरुवात केलीये ती यासाठीच. आणि हे मुलीला नक्की सांगा, एफएओच्या आकड्यांची जुनी मालिका 2013 ला संपते आणि नवी 2010 पासून सुरू होते, दोन्ही जोडून एकच रेघ ओढली असेल तर मधली उडी ही माणसांच्या खाण्यातली नाही, मोजण्यातली असू शकते.

प्रोटीनचा पाया मात्र तिथला स्वतःचा आहे. मालेच्या मासळी बाजारात मी उभी राहिलेय, फरशीवर ओळीने कुपा म्हणजे ट्यूना मासे, तिथले लोक काळूबिला मास म्हणतात, आणि कापणारा माणूस दोन मिनिटांत आख्ख्या माशाचे चार तुकडे करून पिशवीत टाकतो. हा मासा जाळ्याने नाही पकडत, जिवंत छोटे मासे पाण्यात टाकून थवा जवळ आणायचा आणि काठी-गळाने एकेक वर ओढायचा. सकाळच्या नाश्त्याला मास हुनी, म्हणजे कुपा, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि वरून लिंबू, सोबत रोशी म्हणजे आपली चपातीच जवळजवळ. तिच्या प्रोजेक्टचे दोन्ही विषय त्या एका ताटलीत आहेत, फोटो लावायला सांगा.

जमलं तर शेजारी कॅरिबियनमधला डॉमिनिका ठेवा. तिथे उलटं, ते बेट एकेकाळी लिंबाच्या रसासाठी जगभर माहीत होतं. पुढे झाडांवर रोग आला, 1979 मध्ये डेव्हिड आणि 2017 मध्ये मारिया चक्रीवादळ, आणि सिट्रस ग्रीनिंगही पोचला, तोच रोग जो आपल्याकडे विदर्भातल्या संत्र्यावर सायला किडीमुळे पसरतो. नागपूरकडे मोठा पट्टा आहे, एक बाग गेली तर दुसरी असते, पण एका बेटावर एका रात्रीत सगळ्याच बागा झोपतात आणि नवीन झाड फळाला यायला चार-पाच वर्षं जातात. ग्राफमधला खड्डा दिसला की तिने आधी वादळाची तारीख शोधावी.

प्रश्न : लेकीला मॉरिशसला नोकरी लागलीये, आम्ही शुद्ध शाकाहारी, तिला प्रोटीन मिळेल का हो तिकडे?
– एक आई, पुणे

उत्तर : मिळेल, अजिबात काळजी करू नका. तिथला बराचसा किराणा बाहेरून येतो, डाळीसुद्धा, पण डाळ तिकडे रोजची आहे. 1834 पासून ऊसमळ्यांवर करारावर गेलेल्या आपल्या लोकांच्या शिध्यात तांदूळ आणि डाळ असायची, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती आणि त्यांची पोरं-नातवंडं आजही तिथे गणपती बसवतात. डाळपुरी तर रस्त्यावर मिळते. एवढं करा, सुट्टीला येताना मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावरच्या लिंबाचं लोणचं आणायला सांगा, छोटी हिरवी लिंबं असतात, झणझणीत लागतं.