वर्गात चाळीस मुलं, जागा नाही. तासाच्या मध्ये पाच मिनिटं हालचाल खरंच घेता येते का?

येते. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत पाचवीला शिकवतो आणि गेली चार वर्षं रोज दोनदा घेतोय. तुम्ही तीन अडचणी लिहिल्यात: बाकांमुळे जागा नाही, पोर्शन मागे पडेल, आणि मुलं एकदा उठली की परत बसत नाहीत. पहिल्या दोन्हींतून वाट निघते, खरी गोम तिसरीत आहे. मुलांना उठवायला काहीच लागत नाही हो, बसवायलाच सगळं कसब लागतं.

माझा पहिला दिवस पार फसला होता. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर. ट्रेनिंगवरून ताजाताजा आलो होतो, जोशात सगळ्यांना जागेवर पन्नास उड्या मारायला सांगितल्या. खाली सातवीची चाचणी चालू होती. दोन मिनिटांत हेडसर जिन्यात. दुसऱ्या दिवशी आवाज नको म्हणून उठाबशा सांगितल्या, तर पुढच्या बाकावरचा एक जण रडवेला होऊन विचारतो, "सर, आमी काय केलाव?" उठाबशा म्हणजे शिक्षा, हे आपणच त्यांना शिकवून ठेवलंय. तेव्हापासून तो शब्द वर्गात काढत नाही. आणि दंगा केला म्हणून कुणाची हालचाल बंदही करत नाही. जो सगळ्यात जास्त चुळबुळतो त्यालाच बसवून ठेवायचं, तर मग हा खटाटोप कुणासाठी?

सूर सापडला तो कन्नडच्या तासाला. कन्नडात 'एळु' म्हणजे सात, आणि 'एळु' म्हणजेच ऊठ. मुलांनी बसल्या जागी हळू आवाजात ओंदु, एरडु, मूरु (एक, दोन, तीन) मोजत जायचं आणि एळु आला की उभं राहायचं. पुन्हा ओंदुला खाली. मग मी वेग वाढवतो. मधेच आरुवर, म्हणजे सहावर थांबतो, निम्मा वर्ग फसून उठतो आणि हशा पिकतो. तीन मिनिटांत मांड्या भरून येतात, शिवाय घरी मराठी बोलणाऱ्या पोरांचे कन्नड आकडे पक्के होतात. मुख्य म्हणजे खेळ ओंदुवर संपतो, म्हणजे सगळी बसलेलीच असतात. 'गप्प बसा' म्हणून ओरडावं लागत नाही. मी आता कुठलाही प्रकार निवडताना आधी तो संपतो कसा, हे बघतो.

गणितात पाढे घेतो. सगळी उभी. उत्तर सम आलं तर दोन्ही हात वर, विषम आलं तर टाचा उचलायच्या. सातच्या पाढ्यात आलटून पालटून दोन्ही येतं. सहाचा पाढा घेतला तेव्हा टाचा उचलायची पाळीच येईना. का येत नाही यावर पोरांनी जो वाद घातला, तो मी फळ्यावर शिकवून घडला नसता. ज्या मुलीच्या पायाला त्रास आहे तिच्यासाठी टाचांऐवजी टाळी ठेवलीय. तिला एकटीला नाही, त्या दिवशी सगळ्यांनाच टाळी.

वेळ मात्र ठरलेली हवी. 'जमलं तर घेऊ' म्हटलं की आठवडाभरात बंद पडतं. मी तिसऱ्या तासाच्या शेवटी एकदा घेतो आणि दुपारी एकदा. दासोहचं, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण झाल्या झाल्या नको, पोटात दुखतं. तासाभरानं पोरं पेंगायला लागतात तेव्हा घ्या. जुलैत तर याला पर्यायच नसतो. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेलच. मैदानाचा चिखल होतो आणि पीटीचा तास वर्गातच जातो.

नलीकलीची, म्हणजे पहिली ते तिसरीच्या कृतीतून शिकण्याच्या वर्गांतली मुलं गटागटानं फिरत शिकतात, त्यांना याची फारशी गरज नाही. बाकावर अडकतात ती चौथीपासून पुढची.

पोर्शनचं म्हणाल तर दिवसाची दहा मिनिटं जातात, त्यातली निम्मी पाढ्यांत आणि कन्नडात वसूल होतात. अशा हालचालीनंतर मुलांचं लक्ष कामावर जास्त टिकतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मार्क वाढतातच, असं मात्र ठामपणे निघालेलं नाही. म्हणून एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या बैठकीत मार्कांचं आश्वासन देऊ नका, पुढच्या वर्षी तेच अंगाशी येईल. आणि पीटीचा तास कुणी यावर कापायला निघालं तर सरळ नाही म्हणा. 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली ही दहा मिनिटं त्यात कुठे पुरतात?

शेजारच्या वर्गाच्या टीचरना आधी सांगून ठेवा. आणि पहिल्या दिवशी सुरू करायच्या आधी सगळ्यांची दप्तरं बाकाखाली सारून घ्या. आमच्याकडे दोघं पट्ट्यात पाय अडकूनच पडले होते.