वाळवंटात टप केव्हा उघडावा?

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझे चिरंजीव गेली नऊ वर्षे दुबईत एका बांधकाम कंपनीत नोकरीस आहेत. त्यांनी या उन्हाळ्यात माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोनच माणसांची, कापडी छताची जुनी गाडी विकत घेतली आणि तिचा फोटो पाठवला. जेथे माणसे सावली शोधत हिंडतात तेथे अशी गाडी घेणे म्हणजे भर उन्हात छत्री मिटून काखेत धरण्यासारखे आहे, असे मी त्यांना कळवले. त्यावर ‘बाबा, एकदा येऊन बसून पाहा’ एवढेच उत्तर आले. नोव्हेंबरात आम्ही उभयता तिकडे दोन महिन्यांसाठी जाणार आहोत. सौभाग्यवतींना त्या गाडीत बसण्याची धास्ती वाटते. अशी गाडी तिकडच्या हवेत खरोखर वापरता येते का?

उत्तर : गुरुजी, वापरता येते, आणि आपली छत्रीची उपमा चिरंजीवांच्या बाजूने अधिक लागू पडते, कारण मिटलेली छत्री गरज पडताच उघडता येते, तसा या गाडीचा टपही बसल्या जागेवरून काही सेकंदांत ओढून लावता येतो. मी आखातात चौदा वर्षे गॅरेज चालवून आता बेळगावात परतलो आहे. तेथे माझ्याकडे अशा बऱ्याच गाड्या येत असत आणि त्यांच्या मालकांचे दोन प्रकार असत. पहिल्या उन्हाळ्यातच गाडी विकायला काढणारे बहुतेक जण हौसेच्या भरात दिवसाढवळ्या टप उघडून फिरणारे असत. वर्षानुवर्षे सांभाळणारे मात्र घड्याळ पाहून टप उघडत आणि वर्षातला बराच काळ तो लावलेलाच ठेवत.

आपल्याकडे वारा म्हणजे गारवा हे समीकरण इतके अंगवळणी पडलेले आहे, की उघड्या गाडीत वारा लागेल तेव्हा ऊन सुसह्य होईल, असे कोणालाही वाटते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतसुद्धा संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की जीव शांत होतो. परंतु वारा गार लागतो तो हवा आपल्या त्वचेपेक्षा थंड असते तोवरच, आणि त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असते. दुबईत जुलै-ऑगस्टच्या दुपारी पारा ४० ते ४५ अंशांवर असतो. तेव्हा जितक्या वेगाने गाडी हाकावी तितकी अधिक उष्णता अंगावर येते. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून पंखा लावावा, तसा तो प्रकार असतो. त्यातून सुटका करतो तो केवळ घाम, आणि घाम वाळण्यासाठी हवा कोरडी लागते. दुबई, शारजा ही शहरे समुद्रकाठची असल्याने तेथे उन्हाळ्यात रात्रीदेखील हवा ओलीचिंब असते, घाम वाळतच नाही आणि सदरा पाठीला चिकटून बसतो. याउलट आतल्या भागातल्या अल-ऐनकडे हवा कोरडी असते. तेथे घाम दिसायच्या आत उडून जातो, माणसाला बरे वाटते, आणि शरीरातले पाणी किती गेले हे डोके दुखू लागल्यावरच कळते. मला विचाराल तर या दुसऱ्या प्रकारची अधिक भीती वाटते, कारण पहिला प्रकार माणसाला निदान टप लावायला भाग पाडतो.

ऑगस्टमधल्या एका दुपारी एका गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्तीनंतर तपासण्यासाठी मी टप उघडून बाहेर काढली आणि एका मोठ्या सिग्नलवर अडकलो. वरून सूर्य, खालून डांबराची धग आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या इंजिनांची ऊब. टप लावावा म्हणून मागे वळलो, तर अर्धा तास उन्हात तापलेले सीट बेल्टचे लोखंडी बक्कल उघड्या दंडाला टेकले आणि चटका बसला. तो डाग पुढे कित्येक महिने होता. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. ज्या वेळी सरकार मजुराला सावलीत बसवते, त्या वेळी आपण हौसेने उन्हात बसू नये, हा माझा साधा हिशेब आहे. चिरंजीव बांधकाम कंपनीत असल्याने त्यांना ही वेळ तोंडपाठ असेल.

आता आपल्या भेटीविषयी. आपण निवडलेले महिने या गाडीसाठी अगदी योग्य आहेत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिकडची हवा बदलते. डिसेंबर-जानेवारीत दिवसा पारा पंचवीस अंशांच्या आसपास आणि पहाटे पंधराच्या जवळपास असतो. त्या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास किंवा संध्याकाळी सूर्य कलल्यावर टप उघडून निघावे. वहिनींनी सोबत शाल अवश्य घ्यावी, कारण पहाटेच्या पंधरा अंशांत ताशी ऐंशी किलोमीटर वेगाचा वारा लागला की चांगलीच थंडी वाजते. वाळवंटात शाल कशाला, असे म्हणून ती घरी ठेवणारे पाहुणे मी कुडकुडताना पाहिले आहेत. दारांच्या काचा वर ठेवल्या तर वारा पुष्कळ अडतो. टप उघडा असताना हीटर किंवा एसी लावणे हा वेडेपणा वाटतो, परंतु गाडी लहान असल्याने पायांवर आणि हातांवर त्याचा झोत बरोबर लागतो आणि खरोखर उपयोग होतो.

साडीचा पदर मात्र कमरेला घट्ट खोचलेला असावा. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन हिचा १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीत बसलेली असताना गळ्यातला लांब रुमाल चाकात अडकून मृत्यू झाला होता. एमएक्स-५ची चाके झाकलेली असतात, तेव्हा तसे होण्याचे कारण नाही, पण उडणारा पदर चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर आला तरी पुरे. आपण टोपी घालत असाल तर ती उतरवून मांडीखाली ठेवावी, नाहीतर ती वाळवंटाच्या स्वाधीन होईल. हनुवटीखाली बंद असलेली टोपी चालेल. चेहऱ्याला आणि मानेला ऊन लागू नये म्हणून मलम लावावे, कारण वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि रात्री मान लाल झालेली आढळते. ही गाडी जमिनीला फार जवळ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर आधी पाठमोरे होऊन सीटवर बसावे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. उतरतानाही दोन्ही पाय आधी बाहेर टेकवावेत. वहिनींची धास्ती बहुधा या एका युक्तीने निम्मी होईल. अडचण एवढीच, की आपण दोघे एकाच वेळी चिरंजीवांबरोबर जाऊ शकणार नाही.

जायचे कोठे, हेही सांगतो. शहरातल्या बारा पदरी रस्त्यांवर या गाडीची गंमत नाही. अल-ऐनजवळ जबल हफीत नावाचा डोंगर आहे, उंची १,२४९ मीटर. त्यावर जाणारा सुमारे १२ किलोमीटरचा रस्ता वळणावळणांचा असून उत्कृष्ट बांधलेला आहे. आपण निपाणीहून आजऱ्यामार्गे आंबोलीला गेला असाल, तर घाटात पोटात जे होते तेच तेथे होईल. फक्त झाडाचे एक पानही दिसणार नाही आणि डोंगराचा खडक उघडाबोडका असेल. रास-अल-खैमाकडचा जबल जैस त्याहून उंच, १,९३४ मीटर, आणि वर गेल्यावर हवा खाली सोडून आलेल्या हवेपेक्षा कितीतरी थंड. माझा कल हफीतकडे आहे, कारण सूर्यास्तानंतर माथ्यावरून खाली अल-ऐनचे दिवे दिसतात आणि टप उघडा असला की डोक्यावर चांदणे असते. या एका तासासाठी माणसे उरलेल्या वर्षाचा त्रास सोसतात, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न : मी शारजात नोकरी करतो, सध्या सुटीवर शहापूरला आलो आहे. माझ्याकडे पहिल्या बनावटीची एमएक्स-५ आहे, मागची खिडकी प्लास्टिकची. टपाचे कापड घडीच्या रेषेवर विरले आहे, खिडकी पिवळी पडली आहे, आणि तेथे पाऊस क्वचितच पडत असूनही सीटखालचा गालिचा ओला सापडला. पाणी कापडातूनच झिरपले असे मेस्त्री म्हणतो आणि संपूर्ण टप बदलायला सांगतो.

उत्तर : घाई करू नये. ओल्या गालिच्याचा दोष बहुधा कापडाकडे जात नाही. या गाडीत टपावरून ओघळलेले पाणी सीटच्या मागच्या कोपऱ्यांत जमते आणि तेथून दोन बारीक नळ्यांनी गाडीखाली जाते. वाळवंटात पाऊस फारसा नसतो, पण धूळ असते, आणि शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटला की ती बंद खोलीतसुद्धा शिरते. शहापूरच्या मंडळींना वाळू म्हटले की मलप्रभेची जाड वाळू आठवते. ही तशी नसते, निपाणीच्या तपकिरीइतकी बारीक असते. ती नळीत साचते, गाडी धुताना तीवर पाणी पडते आणि तिची मातीसारखी गुठळी होते. मग पाणी नळीतून न जाता आत उतरते. अशी नळी मी लवचीक प्लास्टिकच्या बारीक काडीने हलकेच मोकळी केली तेव्हा आधी काही आलेच नाही, आणि मग गाडीखाली तपकिरी रंगाचा लगदा भसकन पडला. तार वापरू नका, नळी फाटते. त्यानंतर कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडते की नाही ते पाहावे. पडत असेल तर टपाचा खर्च वाचला.

ही तपासणी दर वर्षी पावसाच्या हंगामाआधी, म्हणजे ऑक्टोबरात, करावी. तेथे पाऊस नसतो असे कोणी म्हणाले तर १६ एप्रिल २०२४ची आठवण द्यावी. त्या दिवशी अल-ऐनजवळच्या एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. खानापूरच्या माणसाला आषाढातल्या अशा पावसाचे नवल वाटणार नाही, पण खानापुरात त्याला वाहून नेणारे ओढे आहेत. नळ्या तुंबून पाणी राहिले तर दाराखालचा पत्रा आतून गंजतो, आणि तो खर्च टपाहून मोठा असतो.

कापड विरते ते मुख्यतः उन्हाने आणि घडीने मिळून. बेळगावात रिक्षांची हूड शिवणारे कुशनवाले हेच सांगतील, की रेक्झिन सर्वांत आधी फाटते ते घडीवर. टप तापलेला किंवा धुळीने भरलेला असताना मिटू नये. आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी, नाहीतर घडीत अडकलेले कण काचकागदासारखे घासतात. आपल्या गाडीला एक पथ्य अधिक आहे. टप मिटण्याआधी मागच्या खिडकीची चेन उघडून प्लास्टिक सपाट निजवावे, त्याची घडी पडू देऊ नये. पिवळेपणा पॉलिशने थोडा जातो. तडे मात्र जात नाहीत. पुढच्या बनावटीपासून काचेची खिडकी आली, आणि आपल्या गाडीलाही काचेच्या खिडकीचा टप बसतो, तेव्हा पुढे कधी बदलायची वेळ आलीच तर तोच घ्यावा. दारांच्या रबरी बीडिंगला सिलिकॉनचे ग्रीस पुसटसे लावावे. साधे ग्रीस लावले तर रबर फुगते. धुण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून टप दूर ठेवावा. उरले ते सोपे आहे: गाडी नेहमी सावलीत, टप लावून, आणि पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावून उभी करावी.

टायरविषयी एकच सांगतो, कारण ते चुकले तर जीव जातो. हौसेची गाडी कमी चालते, टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र उन्हाने आतून कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षे उलटली असतील तर नक्षीकडे पाहू नये. हवा पहाटे, टायर थंड असताना मोजावी. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडून देणे, ही मी तेथे सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते, आणि कमी हवेचा टायरच वेगात तापून फुटतो.

प्रश्न : मी चिकोडीचा असून अबुधाबीतून कायमचा परत येणार आहे. माझी एमएक्स-५ येथे आणता येईल का?

उत्तर : नाही. तिकडची गाडी डाव्या स्टिअरिंगची असते आणि आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांहून जुनी नसलेली असावी लागते. नवी घ्यावी म्हटले तर एमएक्स-५ भारतात विकली जात नाही. आपल्या भागात माझदा म्हटले की अजून स्वराज माझदाचा टेम्पोच डोळ्यांसमोर येतो. तेव्हा गाडी तिथेच विकून या, परंतु जून-जुलैत विकू नका. त्या दिवसांत उघड्या गाडीकडे कोणी फिरकत नाही आणि मागाल त्या किमतीला नाक मुरडले जाते. ऑक्टोबरअखेरीस, एखाद्या गार संध्याकाळी, टप उघडून गिऱ्हाइकाला फेरी मारून आणा.