पिवळं पडायला पान जिवंत लागतं

पानं पिवळी का पडतात यावरचा तुझा प्रोजेक्ट वाचला, फोटो तर एक नंबर आहेत, पण पहिल्याच पानावर 'पान मरायला लागलं की हिरवा रंग उडतो' असं ठोकून दिलंयस ना, तिथेच मी अडकलो. वादळात मोडून लोंबकळणारी एखादी फांदी बघ कधी. तिची पानं खरोखर मरतात, पण पिवळी होत नाहीत, मळकट तपकिरी होऊन तशीच फांदीला चिकटून राहतात, कारण पिवळं पडणं हे काम आहे आणि ते करायला पेशी जिवंत लागतात.

कामही जोखमीचं बरं का. क्लोरोफिल, म्हणजे पानातलं हिरवं द्रव्य, ज्या प्रोटीनला धरून असतं त्यापासून सुटं झालं तरी उजेड शोषायचं थांबत नाही, मग ती ऊर्जा ऑक्सिजनला मिळते आणि पेशीच होरपळते, म्हणून पान ते टप्प्याटप्प्यानं मोडतं, आधी रेणूच्या मधला मॅग्नेशियम काढायचा, मग त्याची शेपटी तोडायची, मग रिंग फोडायची आणि उरलेला बिनरंगी माल पेशीतल्या रिक्तिकेत टाकून द्यायचा. हा बिनरंगी माल नेमका काय असतो हे 1991 मध्ये बार्लीच्या पानांवरून कळलं, इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होऊनसुद्धा! आणि मेंडेलचे ते हिरवेच राहणारे वाटाणे आठवतात? त्यांच्यात हे मोडायचं कामच अडलेलं असतं, तो जीन 2007 मध्ये सापडला.

आता एक गंमत, जी मलाही उशिरा कळली. क्लोरोफिलच्या प्रत्येक रेणूत 4 नायट्रोजन असतात, पण ते झाड परत घेत नाही, पानातच सोडून देतं. झाडाला हवा असतो हरितलवकातल्या प्रोटीन्समधला नायट्रोजन, पानातला बहुतेक साठा तिथेच असतो, आणि क्लोरोफिल बाजूला केल्याशिवाय त्यातली बरीचशी प्रोटीन्स मोडताच येत नाहीत. म्हणून नायट्रोजनचं खत कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी पडतात, त्यांचा माल नव्या पानांना जातो. लोह कमी पडलं तर उलटं, कोवळी पानं आधी, कारण लोह जुन्या पानातून सहज हलत नाही.

पिवळा रंग 'तयार होतो' हेही खोड, कॅरोटिनॉइड्स, म्हणजे ती पिवळी रंगद्रव्यं, आधीपासूनच असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेले. लाल मात्र बऱ्याचदा नव्यानं बनतो, त्यामुळे लाल रंग 'तयार होतो' हे वाक्य राहू दे.

आणि फोटो परत काढ, एकाच पानाला दोरा बांधून, एक दिवसाआड, त्याच उजेडात. शिरांजवळचा हिरवा किती दिवस टिकतो तेवढं नीट टिपून ठेव.