चौथीतच ठेवायचं की पाचवीला पाठवायचं?

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. सौम्य बौद्धिक अक्षमता, ५० टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. वाचन दुसरीचंही धड नाही. गावात शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला एसटीने हायस्कूलला जावं लागेल. सासरे म्हणतात, एक वर्ष चौथीतच बसवा. गुरुजी म्हणतात, तसं करता येत नाही. – एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, गुरुजींचं बरोबर आहे. आपल्या राज्यात त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद पाचवी आणि आठवीलाच आहे, तीही वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा या दोन्हींत नापास झाल्यावर. पण कायदा बाजूला ठेवला, तरी आमचं मत सासऱ्यांच्या विरुद्धच पडेल.

त्याला ५२ वजा २७ हे गणित घाला. उत्तर ३५ आलं, तर तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय. हातचा म्हणजे काय, हेच त्याला कळलेलं नाही. ही अडचण दुसरीतल्या दशक-एककाची आहे. चौथीत पुन्हा बसवलं तर चौथीचंच पुस्तक पुन्हा समोर येणार, दुसरीचं नाही! दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, एक गठ्ठा सोडून वजाबाकी करायला पाचवीत असतानाही बसवता येतं.

वाचनाचंही तसंच. दुसरीच्या बालभारतीतला न वाचलेला, १०० शब्दांचा उतारा द्या. १० पेक्षा जास्त ठिकाणी अडला, तर ते पुस्तक त्याला एकट्याने वाचायला जड आहे. मग पहिलीचं घ्या. डोळे-कान तपासून झाले नसतील तर आधी ते. कमी ऐकू येणारं मूलही 'मंद' ठरून बसतं.

मूल आजारपणामुळे सहा महिने घरी असेल किंवा श्रवणयंत्र नुकतंच मिळालं असेल, तर वर्ष पुन्हा काढण्यात अर्थ असतो, कारण तिथे अडचण हुकलेल्या दिवसांची असते. तुमच्या मुलाची अडचण गतीची आहे, ती एका वर्षात भरून निघत नाही. उलट सोबती पुढे जातात आणि वयात येताना हा लहानांच्या वर्गात एकटाच थोराड दिसतो.

खरा धोका हायस्कूलमध्ये आहे. इथे एक गुरुजी त्याला ओळखतात, तिथे विषयागणिक शिक्षक बदलतात. म्हणून दाखला काढण्याआधी, एप्रिलमध्येच, गट साधन केंद्रातले (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षक, आत्ताचे गुरुजी आणि हायस्कूलचे वर्गशिक्षक यांना एकत्र बसवा. वैयक्तिक शैक्षणिक योजना, म्हणजे फक्त त्याच्यासाठी ठरवलेली शिकण्याची उद्दिष्टं, तिथेच लिहून घ्या. 'गणितात प्रगती करेल' असलं वाक्य चालवून घेऊ नका. 'दिवाळीपर्यंत हातच्याची दोन अंकी वजाबाकी, १० पैकी ८ बरोबर, सलग तीन दिवस' असं मोजता येणारं लिहा. एकेका विषयाला दोनच उद्दिष्टं पुरेत. प्रत विषयशिक्षकांना द्या, नाहीतर ती फाइलीतच राहते (बहुतेक योजना तिथेच संपतात). दर तीन महिन्यांनी तपासा. पाचवीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी मुख्याध्यापकांना जूनमध्येच लेखी अर्ज द्या. एसटीचा रस्ता उन्हाळ्यात आठ-दहा वेळा त्याच्यासोबत करून घ्या.

प्रश्न : मुलगी १० वर्षांची, पाचवीत नापास. तोंडी सगळं येतं, लिहिताना गाडी अडते. पुन्हा पाचवी करू द्यावी का? – एक पालक, सांगली

उत्तर : आधी उत्तरपत्रिका बघायला मागा. सुरुवातीचे प्रश्न बरोबर आणि शेवटचे कोरे असतील, तर वेळ कमी पडला. पाचवी पुन्हा करून लेखनाचा वेग वाढणार नाही. फेरपरीक्षा निकालानंतर दोन महिन्यांच्या आत होते, तेव्हा जादा वेळ आणि लेखनिकासाठी आजच अर्ज करा. तोंडी येतं पण लिहिताना अडतं, तर अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) आहे का, हे तपासून घ्या. तिचं प्रमाणपत्र ८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, म्हणजे तिला आत्ता मिळू शकतं; १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. ते हातात येईपर्यंत अर्ज थांबवू नका, तपासणी सुरू असल्याची चिठ्ठी जोडा.