पहिल्यांदाच लिनक्स टाकतोयस, तर एवढं ऐक

भाऊ, नागपूरच्या सीताबर्डीवरून जुना लॅपटॉप घेतलास, चांगलं केलंस. आता रोज नवं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) टाकून बघायचा मोह आवर. उबुंटू २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) टाक. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला ५ वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसव.

नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र एनव्हीएमनेच टाक, म्हणजे नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने. एका प्रोजेक्टला नोड १८ लागतो, दुसऱ्याला २२. एनव्हीएममध्ये एका कमांडने बदलता येतो, आणि सगळं तुझ्या होम फोल्डरातच राहतं. एनपीएम म्हणजे नोडची पॅकेजं टाकणारं साधन, आणि सुडो लावलं की कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालते. म्हणून 'सुडो एनपीएम इन्स्टॉल' कधीच करू नकोस. मी सुरुवातीला केलं होतं. फाइलींची मालकी रूटकडे गेली आणि त्या परत माझ्या नावावर आणण्यात अख्खी रात्र गेली. नेटवरची कमांड चिकटवण्याआधी वाच. सुडो दिसलं तर दोनदा वाच.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा लॅपटॉप गादीवर ठेवून बिल्ड (कोडची जुळणी) चालवलास तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. तुला वाटेल कोडच बिघडला. उन्हाळ्याआधी पंख्यातली धूळ काढून घे. कूलरच्या थेट झोतातही मशीन ठेवू नकोस, ती हवा दमट असते.

दर आठवड्याला एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज साधनाने) अपडेट, मग अपग्रेड. डिस्क भरली तर जुन्या प्रोजेक्टांतले नोड मॉड्यूल्स (एनपीएमने उतरवलेली पॅकेजं) उडव, एनपीएम इन्स्टॉल केलं की ते परत येतात. टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन सिस्टिम आधीच्या स्थितीत मागे नेतं, पण होम फोल्डर तू सांगितल्याशिवाय धरत नाही. म्हणून कोड रोज गिटने (कोडचे बदल जपणाऱ्या साधनाने) दुसऱ्या सर्व्हरवर पुश कर, पावसाळ्यात लाइन जायच्या आत.